रंग विचारता, सिकल का विचारत नाही?

कापूस वेचायला निघालेली बाई लुगड्यावरून घरच्या माणसाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवते, डोक्याला दुपट्टा गुंडाळते. तरी दिवाळी ते संक्रांत वेचणी झाली की चेहरा आणि पंजे गडद होतातच. संध्याकाळी न्हाणीपाशी हातपाय धुताना बाही दंडापर्यंत सरकवली की एकाच हातावर तीन रंग दिसतात. पंजा सगळ्यात गडद, कोपराखालचा हात त्याहून उजळ, आणि काखेजवळची दंडाची आतली बाजू सगळ्यात उजळ. यातला तिचा रंग कोणता म्हणायचा?

अभ्यासक दंडाची आतली बाजू धरतात. तिथं ऊन पोचत नाही, म्हणून जन्मानं मिळालेला रंग तिथं टिकून असतो. मोजायचं यंत्र हातात धरता येईल एवढं असतं. ते कातडीवर लाल प्रकाश टाकतं आणि त्यातला किती परत आला ते मोजतं. कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जितकं जास्त, तितका प्रकाश कमी परततो. यंत्र जोरात दाबलं तर तिथलं रक्त बाजूला सरतं आणि आकडा बदलतो. म्हणून हलकंच टेकवून दोन-तीनदा मोजतात आणि सरासरी घेतात. कोपराखालचा रंग हा गेल्या काही महिन्यांच्या उन्हाचा हिशेब आहे, तो ओसरतो. आपल्याकडं मुलगी बघायला आलेली मंडळी नेमका हाच रंग बघतात आणि त्यावरून 'घराणं' ठरवतात.

लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण' असा रकाना असतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असं काहीतरी त्यात भरतात. बोलताना मात्र सरळ 'पोरगी कायी आहे' म्हणतात, कारण आमच्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. सिकलसेल या रक्ताच्या पिढीजात आजाराचा रकाना मात्र कुठंच नसतो. हवामानानं माणसाच्या अंगावर ज्या खुणा ठेवल्या, त्यातल्या या दोन. एक उन्हानं ठेवलेली, दुसरी डासानं. पहिलीवरून कूळ कळत नाही आणि तब्येतीचंही फारसं कळत नाही, तरी तिच्यावर स्थळं मोडतात. दुसरीनं आपल्या जिल्ह्यांत लेकरं जातात, आणि ती कोणी विचारत नाही.

आधी उन्हाचं बघू.

कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी मेलॅनोसाइट नावाच्या पेशी असतात. काळ्या माणसात त्या जास्त आणि गोऱ्यात कमी, असा समज आहे, पण शरीराच्या त्याच भागावर त्यांची संख्या सगळ्यांत जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी रंगाच्या ज्या बारीक पिशव्या भरतात त्यांच्यात. एक मेलॅनोसाइट आपल्या आजूबाजूच्या तीस-चाळीस पेशींना या पिशव्या पुरवते. गडद कातडीत पिशव्या मोठ्या, भरलेल्या आणि सुट्या सुट्या असतात, त्या वरच्या थरापर्यंत टिकतात. उजळ कातडीत त्या लहान असतात, घोळक्यानं राहतात आणि वर येईपर्यंत विरून जातात. पेशीत गेल्यावर या पिशव्या केंद्रकाच्या उन्हाकडच्या बाजूला गोळा होतात. डोक्यावर दुपट्टा घ्यावा तशा त्या डीएनएवर सावली धरतात.

ही सावली तापमानाविरुद्ध नसते. मे महिन्यात चंद्रपूर ४५ अंशांच्या वर जातं, म्हणून इथली माणसं काळी, असं सर्रास बोललं जातं. उष्णतेनं मेलॅनिन वाढत नाही, ते वाढतं अतिनील किरणांनी. तिबेट थंडगार, पण उंचीमुळं तिथं अतिनील किरण भरपूर, आणि तिथल्या लोकांची कातडी उन्हात झपाट्यानं गडद होते. दर हजार मीटर चढलं की हे किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. त्यामुळं नकाशावर रंगाचा मेळ थर्मामीटरशी घालू नये, सूर्य डोक्यावर किती चढतो याच्याशी घालावा.

ते अंगणात काठी उभी करूनही कळतं. नागपूर २१ अंश उत्तरेच्या जरासं वर आहे, कर्कवृत्ताच्या आत. म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यात २६ तारखेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच मावते. दुसऱ्यांदा हे जुलैत घडतं, पण तेव्हा बहुतेक ढग असतात. आता वर्षातला सगळ्यात लहान दिवस घ्या, २२ डिसेंबर. त्या दिवशीही नागपुरात मध्यान्हीचा सूर्य ४५ अंशांवर असतो. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईची सावली तेव्हा साधारण १५८ सेंटिमीटर पडते, म्हणजे तिच्यापेक्षा थोडी लहानच. त्याच दिवशी लंडनमध्ये तिची सावली सहा मीटरच्या घरात जाईल.

या सावलीला फार महत्त्व आहे. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. लांब लहरींचे यूव्हीए दिवसभर येतात आणि खिडकीच्या काचेतूनही आत शिरतात. आखूड लहरींचे यूव्हीबी तिरप्या उन्हात हवेतच अडतात आणि काचेतून येत नाहीत. कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं ते यूव्हीबीमुळं. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हा यूव्हीबी चांगलं मिळतं, लांब असेल तेव्हा फारसं नाही. म्हणून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात किंवा खिडकीच्या काचेमागं बाळाला धरण्यानं ड जीवनसत्त्वाचं काम जवळजवळ होत नाही. हिवाळ्यात अकरा ते दोनच्या दरम्यान हात, पाय आणि पाठ उघडी ठेवून थोडा वेळ बसलं तर होतं. गडद कातडीला उजळ कातडीपेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. मे महिन्यात मात्र या वेळेला बाहेर बसायचं नाही, तेव्हा उष्माघाताचा धोका मोठा. शेतात राबणाऱ्यालाही कमतरता असू शकते, कारण फुलशर्ट, दुपट्टा आणि गडद कातडी या तिन्ही गोष्टी किरण अडवतात.

मग विषुववृत्ताच्या आसपास गडद रंग टिकला कशासाठी? पूर्वी उत्तर दिलं जायचं, कातडीचा कर्करोग टाळायला. पण तो कर्करोग बहुधा उतारवयात होतो, लेकरं होऊन गेल्यावर. पुढच्या पिढीत काय जातं यावर त्याचा जोर कमी पडतो. नीना जाब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी २००० साली जगभरचं अतिनील किरणांचं मोजमाप आणि कातडीच्या रंगाची मोजमापं एकावर एक ठेवून फोलेटवर बोट ठेवलं. फोलेट म्हणजे फॉलिक अॅसिडच्या घरातलं जीवनसत्त्व. कडक अतिनील किरणांनी ते नासतं. फोलेट कमी पडलं तर गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी नीट मिटत नाही, आणि ते मूल जगणं कठीण. गडद कातडी फोलेट राखते. जिथं ऊन तिरपं आणि तोकडं, तिथं तीच कातडी ड जीवनसत्त्व बनू देत नाही, हाडं वाकतात, बाळंतपण अडतं. तिथं उजळ कातडीची सरशी झाली. या दोन गरजांच्या ओढाताणीतून रंगाची उतरंड तयार झाली, विषुववृत्ताकडून ध्रुवाकडं जाताना उजळत जाणारी.

आशाताई देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेलेत हे बाईला कळण्याआधीच. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवून गोळ्या सुरू केल्या तर लोहाचा फायदा होतो, पण नळीसाठी उशीर झालेला असतो. मूल हवं असं ठरलं की त्या आधीपासून घ्यायला हव्यात.

उतरंडीला अपवाद आहेत. आर्क्टिकमधले इनुइट तिथल्या उन्हाच्या मानानं गडद आहेत, कारण मासे आणि समुद्री प्राण्यांच्या चरबीतून त्यांना ड जीवनसत्त्व मिळत आलं. दक्षिण अमेरिकेच्या विषुववृत्तावरचे मूळ रहिवासी आफ्रिकेतल्या त्याच अक्षांशावरच्या लोकांइतके गडद नाहीत, कारण त्यांचे पूर्वज आशियातून तिकडं पोचले त्याला पंधरा हजार वर्षांच्या आसपासच झालीत. उन्हाला आपली खूण उमटवायला वेळ लागतो, आणि माणूस चालता प्राणी आहे.

आता जनुकांकडं. २००५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात कीथ चेंग यांच्या प्रयोगशाळेनं झेब्राफिशवर काम केलं. हा पट्ट्यापट्ट्यांचा बोटाएवढा मासा मूळचा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यानाल्यांतला. त्यातला एक प्रकार पिवळसर, फिक्या पट्ट्यांचा असतो. त्याचं कोणतं जनुक बिघडलंय ते शोधताना एसएलसी२४ए५ हे जनुक सापडलं. माणसातल्या त्याच जनुकाचा संदेश माशाच्या अंड्यात घातला तर पट्टे पुन्हा गडद झाले. माणसात या जनुकाचे दोन पाठ, म्हणजे दोन रूपं, आहेत आणि दोघांत एका अक्षराचा फरक. त्या अक्षरानं प्रथिनातलं १११ वं अमिनो आम्ल बदलतं, अॅलानिनच्या जागी थ्रिओनिन येतं आणि कातडी उजळते. युरोपात जवळजवळ सगळ्यांत हा उजळ पाठ आहे. आपल्याकडं तो वायव्येला जास्त आणि दक्षिण-पूर्वेला कमी, पण सगळीकडं विखुरलेला आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारस्वामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की भारतीयांतला आणि युरोपीयांतला हा पाठ एकाच मूळ बदलातून आलेला आहे. आंध्रातल्या लोकांत मोजलं तर रंगातल्या एकूण फरकाचा चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग हे एकटं जनुक सांगत होतं. उरलेला पाऊण भाग इतर पुष्कळ जनुकांचा आणि उन्हाचा.

चीन-जपानकडचा उजळपणा या पाठाचा नाही, तो दुसऱ्या जनुकातल्या वेगळ्या बदलांतून आला. म्हणजे उजळ होण्याच्या वाटा एकाहून जास्त. आणि आफ्रिका 'काळी' म्हणावी तर तिथं दक्षिणेकडचे सान लोक उजळ तपकिरी आहेत. सारा टिशकॉफ यांच्या गटानं २०१७ मध्ये आफ्रिकेतल्या लोकांचे रंग आणि जनुकं तपासली, तेव्हा उजळ आणि गडद दोन्ही पाठांतले काही लाखो वर्षांपूर्वीचे निघाले, आपली जात जन्माला आली त्या काळातले किंवा त्याही आधीचे.

घरातला नेहमीचा प्रश्न असा की आईबाप दोघं गव्हाळ, मग एक पोर गोरं आणि एक काळं कसं? याचं उत्तर सहा नाण्यांनी देता येतं. हे शाळेत करून दाखवण्यासारखं आहे. समजा रंग फक्त तीन जनुकांनी ठरतो आणि आईबाप दोघांकडंही प्रत्येक जनुकाचा एक गडद, एक उजळ असा पाठ आहे. आई प्रत्येक जोडीतला एक देते, बापही तसंच. तीन नाणी आईची, तीन बापाची. छापा म्हणजे गडद. सहा नाणी एकदम उडवली की ६४ शक्यता होतात. त्यातल्या २० मध्ये तीन छापे पडतात, म्हणजे पोर आईबापांसारखं गव्हाळ. १५ मध्ये चार, १५ मध्ये दोन, ६ मध्ये पाच, ६ मध्ये एक. सगळे सहा छापे एकदा आणि एकही छापा नाही असंही एकदाच. प्रत्यक्षात जनुकं तीनपेक्षा कितीतरी जास्त आणि प्रत्येकाचं वजन वेगळं, त्यामुळं मधल्या छटा आणखी बारीक होतात. पण मुद्दा कळतो. काळं पोर झालं म्हणून सुनेकडं संशयानं बघणाऱ्यांनी ही नाणी स्वतःच्या हातानं उडवून बघावीत. केशर घातलेलं दूध किंवा शहाळ्याचं पाणी प्यायल्यानं यातलं एकही नाणं उलटं होत नाही. जन्मलेलं बाळ तसंही उजळच दिसतं, मेलॅनिन पहिल्या काही महिन्यांत वाढत जातं. कानाची पाळी आणि नखांच्या कडा बघून म्हाताऱ्या बाया पुढचा रंग सांगतात, त्यामागं एवढंच निरीक्षण आहे.

रंगावरून वंश ओळखता येतो का, या प्रश्नावर आपल्याकडं फार नुकसान झालंय, म्हणून थोडं थांबून सांगतो. अंदमानचे मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतले लोक दोघंही गडद, केस कुरळे. दिसायला सख्खे. डीएनएनं बघितलं तर अंदमानी माणूस आफ्रिकी माणसापेक्षा चिनी, युरोपी आणि आपल्या जवळचा आहे. आफ्रिकेबाहेरचे आपण सगळे साधारण ६०-७० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एका शाखेचे, आणि अंदमानी त्याच शाखेतले. उलट बाजूनं बघा. स्पेनमधल्या ला ब्रान्या गुहेत सापडलेल्या ७,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्याचा डीएनए २०१४ साली वाचला गेला. डोळे निळसर, पण कातडी उजळ करणारे ते पाठ त्याच्यात नव्हते. युरोपातला गोरेपणा बऱ्याच अंशी शेतीबरोबर आलेल्या लोकांनी आणला आणि तो गेल्या काही हजार वर्षांत पसरला.

आपलं सांगायचं तर मुख्य भूमीवरचा जवळजवळ प्रत्येक भारतीय त्याच दोन-तीन स्रोतांचं मिश्रण आहे: इथले फार जुने शिकारी-संग्राहक, इराणकडच्या जुन्या लोकांशी नातं असलेला एक थर, आणि गवताळ प्रदेशातून नंतर आलेला एक थर. प्रमाण वेगवेगळं, साहित्य तेच. प्रिया मूरजानी, थंगराज, डेव्हिड राइश आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली हिशेब मांडला की ही मिसळण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाली, आणि भिल्लांसारखे एकाकी समजले जाणारे समाजही त्यातून सुटले नाहीत. त्यानंतर जातीजातीत लग्नं बंद झाली. भांडी वेगळी झाली, आतला रस्सा एकच.

इंग्रजांच्या काळात हे उलटं शिकवलं गेलं. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले शंभर असा आकडा काढायचा आणि त्यावरून जातीची पायरी वंशाशी जोडायचा. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली नाकाची अशीच मापं पुढं ठेवून दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, वेगळ्या वंशाचा सिद्धांत मापांवरच टिकत नाही. नाकपुडीच्या रुंदीचा मेळ आता पूर्वजांच्या हवेतल्या ऊब आणि दमटपणाशी लागतो असं दिसलंय. म्हणजे जे नाक मोजून जात ठरवली, तेही हवामानाचंच काम.

विदर्भात हे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. मेळघाटातले कोरकू जी बोली बोलतात तिचं नातं संथाली-मुंडारीशी, आणि आणखी मागं गेलं तर कंबोडिया-व्हिएतनामच्या भाषांशी. भामरागडचे माडिया आणि यवतमाळचे कोलाम द्रविड कुळातलं बोलतात. आजूबाजूला वऱ्हाडी आणि झाडीबोली. तीन भाषाकुळं, आणि सगळ्यांवर हजारो वर्षं एकच ऊन. रंगावरून कोण कोणत्या कुळाचा ते सांगायला गेलात तर चुकाल.

रक्तात मात्र एक खूण सापडते, आणि तीही हवामानाचीच.

झाडीपट्टीत आणि मेळघाटात जंगल, नाले, धानाच्या बांध्या, लांबलेला पावसाळा. मलेरियाचा फाल्सिपेरम हा घातक प्रकार इथं पिढ्यानपिढ्या होता, गडचिरोलीत अजून आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की सिकल हिमोग्लोबिन ('एस') तयार होतं, नेहमीचं ते 'ए'. आईबापांपैकी एकाकडूनच असा पाठ आला तर माणूस 'एएस', म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, आणि घातक मलेरियातून वाचण्याची त्याची शक्यता जास्त असते. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत हे दाखवलं. त्यामुळं डासाच्या प्रदेशात हा पाठ टिकला आणि वाढला. दोघांकडून आला तर 'एसएस'. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, हाडं ठणकतात, पांथरी बिघडते, रक्त कमी होतं. भारतात आणि अरबस्तानात दिसणारा या पाठाचा प्रकार आफ्रिकेतल्या प्रकारांहून वेगळा आहे. हा आजार फक्त आदिवासींचा, हा समज मोडायला हवा. विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीय समाजांतही आहे. गोऱ्या माणसात असतो, काळ्यात नसतो, किंवा उलट, असं काहीही नाही.

दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन, पूर्ण निरोगी पाठाची, म्हणजे 'एए' होण्याची, चारात एक. इथं एक चूक वारंवार होते. 'पहिलं आजारी निघालं, आता पुढचे तीन बरे होतील.' तसं होत नाही. मागच्या फेकीची आठवण नाण्याला नसते, दर वेळी पुन्हा चारात एक. एक एए आणि एक एएस असेल तर आजारी मूल होत नाही, निम्मी वाहक होऊ शकतात. एए आणि एसएस असेल तर सगळी वाहक. एएस आणि एसएस असेल तर निम्म्यांना आजार. वाहक असणं हा दोष नाही आणि त्यानं लग्न अडू नये. दोघंही वाहक आहेत का, एवढंच लग्नाआधी कळायला हवं. मामेबहिणीशी किंवा आतेबहिणीशी लग्न जुळत असेल तर आणखीच, कारण तोच पाठ दोन्हीकडं असण्याची शक्यता वाढते.

गावात पहिली होते ती विद्राव्यता चाचणी. नळीत २ मिलिलिटर द्रावण घेतात, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे बोट टोचून आलेला लहान थेंब. ढवळून पाच मिनिटं थांबतात. नळीमागं काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर नकारार्थी, गढूळपणानं झाकल्या तर सिकल आहे. ही चाचणी चुकते कुठं ते माहीत असू द्या. द्रावणातलं सोडियम डायथायोनाइट उघडं राहिलं की लवकर खराब होतं, मग सिकल असूनही रेघा दिसतात. म्हणून दर वेळी एक माहीत असलेला सिकलचा आणि एक निरोगी नमुना सोबत लावायला हवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, तिथं या चाचणीवर विसंबू नये. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर थेंब कमी पडतो, रक्त दुप्पट घ्यावं लागतं. रक्तात चरबी किंवा प्रथिनं फार असतील तर उगाच गढूळ दिसतं. आणि सगळ्यात मोठी मर्यादा अशी की गढूळ झालं तरी एएस की एसएस हे यातून कळत नाही, आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या पिढीजात आजाराचा वाहक तर अजिबात पकडला जात नाही. एक सिकल वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया वाहक असेल तरी चारात एक मूल गंभीर आजारी होऊ शकतं.

म्हणून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पुढची चाचणी, एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, करायचीच. अहवालात हिमोग्लोबिन एस २५ ते ४० टक्के आणि ए त्याहून जास्त असेल तर वाहक. ए जवळजवळ शून्य आणि एस सगळ्यात मोठा हिस्सा असेल तर रुग्ण, आणि सोबत एफ, म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, वाढलेलं दिसतं. एस हे ए पेक्षा जास्त, पण ए थोडं शिल्लक असेल, तर सिकल आणि थॅलेसेमिया एकत्र असण्याची शंका घ्यावी. सिकल नसलेल्याचं 'ए२' हे आणखी एका प्रकारचं हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर गेलं तर थॅलेसेमिया वाहक असू शकतो. पण अंगात लोह कमी असेल तर ए२ खोटंच खाली येतं, म्हणून आधी रक्तक्षय भरून काढून पुन्हा तपासावं. आपल्याकडच्या बायांत ही चूक सहज होऊ शकते.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. कार्डं वाटली जातात. कार्ड मिळतं आणि पेटीत तळाशी जातं, कारण मुलगी वाहक निघाली हे पसरलं तर स्थळ मोडेल ही धास्ती. ही धास्ती मला समजते. पण मुलाकडच्यांनी स्वतःचं कार्ड आधी पुढं ठेवलं तर ती अर्धी कमी होईल. मुलगाही तेवढाच वाहक असू शकतो, आणि त्याची तपासणी फार कमी वेळा मागितली जाते.

रंगापायी होणारं आणखी एक नुकसान सांगायलाच हवं. गोरं करणारी क्रीम. तालुक्याच्या बाजारात ट्यूब मिळते, त्यात पुष्कळदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांचं मिश्रण असतं. डॉक्टर ते डागांसाठी काही आठवडे देतात. ते महिनोन्‌महिने तोंडाला लावलं तर कातडी पातळ होते, शिरा दिसतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि बंद केलं की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून बाया पुन्हा लावतात. दुसरा प्रकार पाऱ्याचा. मेलॅनिन बनवणारं टायरोसिनेज हे वितंचक पारा अडवतो, म्हणून पंधरा दिवसांत फरक दिसतो, आणि तोच पारा मूत्रपिंडात साठून लघवीतून प्रथिनं जायला लागतात. चेहरा आणि पाय सुजले तर डॉक्टरला कोणती क्रीम लावता ते आवर्जून सांगा, ट्यूब सोबत न्या. पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसेल, किंवा यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असं काही असेल, तर ती ट्यूब घरात नको. घटक लपवलेले असतील तर पाकिटावरून कळणार नाही, म्हणून झटपट गोरं करणारी आणि बिलाशिवाय विकली जाणारी कोणतीही ट्यूब टाळलेली बरी.

आणि सिकलची तपासणी करून घ्यायची असेल तर ती स्थळं बघायला लागण्याआधी, अकरावी-बारावीतच करून ठेवा. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर थांबा, नाहीतर दात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जाईल. अहवालावर पूर्ण नाव, तारीख, चाचणीची पद्धत आणि ए, एस, ए२, एफ हे चारही आकडे आहेत का ते तिथंच बघा. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेला कागद पुरेसा नाही, त्यावरून लग्नाचा निर्णय होत नाही. लग्न झालेलं असेल आणि दोघंही वाहक निघाले तर दिवस गेल्याबरोबर सांगा. अकराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयात होऊ शकते, आणि तिची तारीख मिळायला, नागपूरला जायला-यायला वेळ लागतो. अहवालाच्या दोन झेरॉक्स काढा. एक आशाताईंकडं द्या, दुसरी बायोडेटाच्या मागं टाचा, 'वर्ण' हा रकाना जिथं असतो तिथंच.